वाचकांचे प्रश्न : गाणे शिकणे आणि गाणे शिकवणे

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे बेळगाव, खानापूर, निपाणी आणि अथणी या भागांतली आहेत, आणि त्यांतली बरीचशी एकाच विषयाभोवती फिरतात: गायन किंवा वादन हा उच्च शिक्षणाचा विषय म्हणून घ्यावा का, आणि घेतला तर पुढे महाविद्यालयात शिकवण्यापर्यंत कसे पोहोचावे. सीमाभागात राहणाऱ्यांना हा प्रश्न दोन राज्यांच्या नियमांतून सोडवावा लागतो, म्हणून यावेळची सगळी जागा याच विषयाला दिली आहे.

खानापूर तालुक्यातील एक विद्यार्थिनी लिहिते: आदरणीय बाई, मी यंदा बारावी उत्तीर्ण झाले. सहा वर्षांपासून बेळगावला एका गुरुजींकडे ख्यालगायन शिकत आहे आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण परीक्षा दिली आहे. संगीतातच पदवी घेऊन पुढे महाविद्यालयात शिकवावे अशी माझी इच्छा आहे. गुरुजी म्हणतात की पदवीने गाणे येत नाही. वडील म्हणतात की बी.कॉम. कर आणि गाणे संध्याकाळी शिक. मी धारवाडला जावे, कोल्हापूरला, पुण्याला, की हा विचारच सोडावा?

उत्तर: तुझ्या गुरुजींचे म्हणणे खरे आहे, आणि तरीही तू संगीताची पदवी घ्यावीस असे मला वाटते. ही दोन वाक्ये एकमेकांच्या विरोधात का नाहीत, ते सविस्तर सांगते.

महाविद्यालयात प्रात्यक्षिकाच्या दोन तासांना पंधरा विद्यार्थी बसले, तर प्रत्येकाच्या वाट्याला आठ मिनिटे येतात. यमनचा तीव्र मध्यम कुठे ठेवायचा हे आठ मिनिटांत कळते, पण गळ्यात बसत नाही. त्यासाठी गुरूसमोर बसून तोच स्वर पुन्हा पुन्हा लावावा लागतो, आणि आपला स्वर चुकल्याचे आपल्याला कळायच्या आधी गुरूच्या चेहऱ्यावर दिसावे लागते. ही तालीम अभ्यासक्रमाच्या वेळापत्रकात मावत नाही. म्हणून पदवीच्या तीन वर्षांत गुरुजींकडे जाणे थांबले, तर हाती प्रमाणपत्र येईल आणि सहा वर्षांची कमाई पातळ होईल. हे होताना मी अनेक गुणी मुलींच्या बाबतीत पाहिले आहे, आणि त्याची हळहळ आजही वाटते.

आता दुसरी बाजू. गुरुगृही एका घराण्याची दृष्टी मिळते, आणि ती खोल असते. पण इतर घराण्यांनी तोच राग कसा पाहिला हे ऐकण्याची, त्याबद्दल प्रश्न विचारण्याची आणि शास्त्रग्रंथांशी ते ताडून पाहण्याची सवय तिथे लागेलच असे नाही. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचा. लहान वयातच ते मुंबईला बी. आर. देवधर यांच्याकडे शिकायला गेले. देवधर मास्तर विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य होते आणि स्वतःचे संगीत विद्यालय चालवत होते. निरनिराळ्या घराण्यांच्या बुजुर्गांची गायकी ऐकावी, त्यांच्या चिजा मिळवाव्यात, याची त्यांना ओढ होती. म्हणजे ज्यांच्या गाण्याला आपण स्वयंभू म्हणतो, त्यांचेही शिक्षण अनेक गळे ऐकायला मिळणाऱ्या वातावरणात झाले. चांगल्या संगीत विभागाकडून तुला हेच मिळायला हवे. मुळात १९०१ साली पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९२६ मध्ये भातखंड्यांच्या प्रयत्नांतून लखनौचे संगीत महाविद्यालय उभे राहिले, तेव्हाही घराण्याबाहेरच्या मुलामुलींपर्यंत ही विद्या पोहोचावी हाच हेतू होता. गुरुगृहाला हटवून तिथे शाळा बसवावी, असा तो विचार नव्हता.

धारवाडच्या बाबतीत तर या दोन्ही परंपरा एकाच गावात भेटल्या. मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल यांनी आपली विद्या गुरूंच्या पायाशी बसून मिळवली, त्यासाठी विद्यापीठाची पायरी चढावी लागली नाही. पुढे मात्र कर्नाटक विद्यापीठाच्या संगीत शिक्षणाशी त्या दोघांचाही संबंध आला. त्यामुळे धारवाडला शिकणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गाबाहेरही खूप ऐकायला मिळते, आणि ऐकणे हा निम्मा अभ्यास असतो.

कोठे जावे, याचे माझे उत्तर असे की आठवड्यातून निदान दोनदा गुरुजींच्या घरी पोहोचता येईल असेच ठिकाण निवडावे. बेळगावात राहून शिकायचे असेल तर केएलई अभिमत विद्यापीठाचे स्कूल ऑफ म्युझिक आहे. धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ बेळगावपासून पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि खानापूरहून लोंढ्यावरून रेल्वेनेही जाता येते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्राचा अधिविभाग आहे, पण तिथे राहायचे ठरवले तर बेळगावची तालीम महिन्यातून एकदोनदाच होईल. पुण्याच्या विद्यापीठातील ललित कला केंद्रात गुरुकुल पद्धतीने प्रत्यक्ष गुरूंकडे शिकण्याची सोय १९८७ पासून आहे, आणि ती मला मनापासून आवडते. परंतु तिथे गेलीस तर गुरू बदलेल, आणि मध्यमा पूर्ण झालेल्या वयात गुरू बदलणे जिकिरीचे असते. आवाज अजून ठरत असतो, स्वरलगाव पक्का व्हायचा असतो. म्हणून आता बेळगाव किंवा धारवाड निवडावेस आणि पुण्याचा विचार पदव्युत्तर शिक्षणाच्या वेळी करावास.

वडिलांची काळजी मला रास्त वाटते, तिला उडवून लावू नकोस. त्यांना दोन गोष्टी सांग. पहिली अशी की काही महाविद्यालयांत बी.ए.ला संगीत हा एक विषय घेऊन दुसरा विषय भाषा किंवा समाजशास्त्राचा ठेवता येतो, म्हणजे पुढचे सगळे मार्ग बंद होत नाहीत. दुसरी अशी की बी.कॉम. करून नंतर संगीतात एम.ए.कडे वळणे शक्य असले, तरी त्या वेळी प्रवेशासाठी विशारद (मंडळाची मध्यमानंतरची परीक्षा) किंवा प्रात्यक्षिकाची प्रवेशपरीक्षा मागितली जाते आणि शास्त्रभागात मागे राहिल्याचे तुला पहिल्याच सत्रात जाणवेल.

भाषेबद्दल तू विचारले नाहीस, पण लिहिणे आवश्यक वाटते. धारवाडला शास्त्राचे तास कन्नड किंवा इंग्रजीतून होतील. घरी मराठी बोलणाऱ्या आणि मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला पहिले वर्ष जड जाईल, हे गृहीत धरून आतापासून कन्नड वाचायला शीक. कर्नाटकातील सरकारी महाविद्यालयांच्या भरतीत कन्नडचीही परीक्षा असते, हा त्यातला व्यवहाराचा भाग झाला. गाण्याच्या दृष्टीने पाहिले तर कुंदगोळचे सवाई गंधर्व मराठी रंगभूमीवर गाजले, गदगचे भीमसेन जोशी घरोघरी अभंगांमुळे पोहोचले, आणि दोघांचीही मायबोली कन्नड होती. त्यांनी मराठी शब्दांची जी आब राखली, ती तू वचने, म्हणजे शरणांच्या कन्नड भक्तिरचना, गाताना कन्नड शब्दांची राखावीस.

निपाणीचे एक वाचक लिहितात: मी संगीतात एम.ए. केले आहे. सहायक प्राध्यापक होण्यासाठी नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) द्यावी की सेट (राज्याची पात्रता परीक्षा)? महाराष्ट्राची सेट दिली तर कर्नाटकात चालेल का? पीएच.डी. आधी करावी का?

उत्तर: तुम्ही नेट द्यावी. सीमेवर राहणाऱ्या उमेदवाराने याबाबत मनात संदेह ठेवू नये, कारण १ जून २००२ नंतर उत्तीर्ण झालेल्यांचे सेटचे प्रमाणपत्र ज्या राज्याच्या परीक्षेचे असेल तिथल्याच विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत पात्रता देते. महाराष्ट्राची सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी आहे, कर्नाटकची केसेट कर्नाटकासाठी. निपाणीहून महाराष्ट्रातले कागल हाकेच्या अंतरावर असले, तरी केसेटचे प्रमाणपत्र तिथे उपयोगी पडणार नाही. शिवाय राज्याच्या परीक्षांत विषयांची यादी सारखी नसते, म्हणून सेटचा अर्ज भरण्यापूर्वी त्या यादीत संगीत आहे का, हे पाहावेच लागते. नेट मात्र देशभर चालते.

नेटसाठी पदव्युत्तर परीक्षेत खुल्या प्रवर्गाला ५५ टक्के आणि राखीव प्रवर्गांना ५० टक्के गुण लागतात. पहिली प्रश्नपत्रिका अध्यापन व संशोधन अभिरुचीची, ५० प्रश्न आणि १०० गुणांची असते. दुसरी संगीताची, १०० प्रश्न आणि २०० गुणांची. दोन्ही मिळून तीन तास. चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला वयाची अट नाही. गाणाऱ्या उमेदवारांचे बहुधा पहिल्या प्रश्नपत्रिकेत अडते, कारण तिथे तर्क, आकडेवारीचे तक्ते आणि संशोधनपद्धती यांचे प्रश्न असतात आणि आपण तो भाग परीक्षेच्या आदल्या महिन्यापर्यंत टाळतो. रोज एक तास त्याला द्यावा. दुसऱ्या प्रश्नपत्रिकेसाठी भरताचे नाट्यशास्त्र, मतंगाची बृहद्देशी आणि शार्ङ्गदेवाचा संगीतरत्नाकर यांची प्रकरणे मुळातून समजून घ्यावीत. संगीतरत्नाकर तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिला गेला, म्हणजे मराठी मुलखातलाच तो ग्रंथ. त्याच्याकडे गाइडमधल्या चार ओळींपुरते पाहू नये.

पीएच.डी.बद्दल: सहायक प्राध्यापकपदासाठी ती सक्तीची करण्याचा नियम आला होता, पण जुलै २०२३ पासून लागू झालेल्या अधिसूचनेने नेट किंवा सेट हीच किमान पात्रता ठेवली आणि पीएच.डी. ऐच्छिक केली. आधी नेट, मग नोकरीबरोबर पीएच.डी., हा क्रम मी सुचवीन. पुढे सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी तिची गरज पडतेच. विषय निवडताना आपल्या भागाकडे पाहा. खानापूर, बेळगाव आणि चंदगडच्या भजनी मंडळांतील चाली, त्यांतील राग आणि ठेके यांचे ध्वनिमुद्रण आणि स्वरलेखन करायला तुमच्यासारखा दोन्ही भाषा जाणणारा माणूस हवा.

अथणीचे एक गायक लिहितात: माझे वय ४२ आहे. बी.ए. इतिहासात केले, गाण्यात अलंकार (विशारदनंतरची परीक्षा) झालो आहे आणि आकाशवाणीचा बी-हाय श्रेणीचा कलाकार आहे. मला महाविद्यालयात शिकवता येईल का?

उत्तर: अलंकार ही मानाची परीक्षा आहे आणि तिच्यामागचे कष्ट मला ठाऊक आहेत, पण कायद्याच्या भाषेत ती विद्यापीठाची पदवी नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. विशारद आणि अलंकार यांना कोठे, कशाशी समकक्ष मानायचे, हे ती ती संस्था ठरवते. म्हणून कोणी तोंडी काही सांगितले, तरी समकक्षतेचा लेखी कागद हाती असल्याशिवाय त्यावर आयुष्याचा बेत आखू नका.

तुमच्यासाठी एक दार मात्र आहे आणि ते फारसे कोणाला माहीत नसते. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत संगीतासारख्या कलाविषयांसाठी सहायक प्राध्यापकपदाची पर्यायी पात्रता दिली आहे. पदवीधर असलेला, नामवंत गुरूंकडे शिकलेला, आकाशवाणी किंवा दूरदर्शनचा ए श्रेणीचा कलाकार, ज्याला विषय तर्कशुद्ध समजावून सांगता येतो आणि शास्त्रभाग सोदाहरण शिकवता येतो, तो पात्र ठरू शकतो. यात व्यावसायिक कर्तृत्वही उल्लेखनीय असावे लागते. तुम्ही बी-हायवर आहात, म्हणजे ए श्रेणी एका पायरीवर आहे. पुढच्या ध्वनिचाचणीसाठी वर्षभर मन लावून तयारी करावी, आणि सोबतच संगीतातील एम.ए.साठी प्रवेश मिळतो का ते पाहावे. एक वाट अडली तर दुसरी उघडी राहील. कोणत्याही भरतीच्या वेळी त्या जाहिरातीतील पात्रतेचा परिच्छेद शब्दशः वाचावा, कारण नियम बदलत असतात.

चिक्कोडीहून एक पालक विचारतात: मुलगा २० वर्षांचा आहे, तबला शिकतो. बाहेरगावी राहून शिकण्याचा खर्च झेपत नाही. काही शिष्यवृत्ती आहे का?

उत्तर: केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती आहे. वय १८ ते २५, गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षांचे शिक्षण, महिना ५,००० रुपये, दोन वर्षांपर्यंत. निवड प्रत्यक्ष वादन ऐकून होते. गुरुजींकडून शिक्षणाच्या वर्षांचा लेखी दाखला आताच घेऊन ठेवा. मुलाला महाराष्ट्रातील विद्यापीठात पाठवणार असाल, तर तिथली प्रवेशपुस्तिका मागवून सीमाभागातील मराठी भाषकांसाठी काही सवलत आहे का ते वाचा, आणि कर्नाटकातील मंडळाचे स्थलांतर प्रमाणपत्र वेळेत काढा. पदवीच्या वर्षांचाही हिशेब करा: कर्नाटकाने २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी स्वीकारली आहे, तर महाराष्ट्रात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चौथ्या वर्षाची सोय आहे. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. दोन वर्षांचे असते, चार वर्षांच्या पदवीनंतर ते एका वर्षाचे होऊ शकते.

बेळगावची एक नवी शिक्षिका लिहिते: मी यंदापासून एका महाविद्यालयात अतिथी व्याख्याती म्हणून गायन शिकवते. वर्गात मुलगे आणि मुली एकत्र आहेत, कोणी विशारद झालेले तर कोणाला सरगमही येत नाही. मी गाऊन दाखवते, ते ऐकतात आणि तसेच बसून राहतात. संध्याकाळी घरी आले की रियाजाला गळा उरत नाही. मी चांगली गाते, पण मला शिकवता येत नाही असे वाटू लागले आहे.

उत्तर: तुझे पत्र वाचून मला माझे पहिले वर्ष आठवले. शिकवणे ही निराळी विद्या आहे, आणि आपल्याला एम.ए.पर्यंत कोणी ती शिकवलेली नसते. आपण आपल्या गुरूंनी जसे शिकवले तसे शिकवू पाहतो. पण गुरूंसमोर एक शिष्य होता आणि आपल्यासमोर वीस आहेत.

पहिली अडचण स्वराच्या पट्टीची आहे. मुलगे बहुधा काळी एकच्या, म्हणजे पेटीच्या सप्तकातील पहिल्या काळ्या पट्टीच्या, आसपास गातात, मुली काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास. काळी एकच्या षड्जाचा पंचम म्हणजे काळी चार. म्हणजे मुलांचा पंचम तोच मुलींचा षड्ज. एकाच तानपुऱ्यावर सगळ्यांना गायला लावले, तर मुली तरी खर्जात घुसमटतात किंवा मुलांचे गळे तरी तारसप्तकात ताणले जातात, आणि दोघांनाही वाटते की आपल्याला गाणे येत नाही. माझ्या वर्गात मी हे तीन महिने केले. एक मुलगी रोज मागच्या रांगेत नुसते ओठ हलवत असे. तिला एकटीला काळी पाचमध्ये गायला सांगितले, तेव्हा तिचा मोकळा, सुरेल आवाज ऐकून मला स्वतःची लाज वाटली. तेव्हापासून मी दोन तानपुरे लावू लागले. अर्धा तास मुलांच्या पट्टीत पलटे, त्या वेळी मुलींनी हाताने ताल धरायचा आणि मनात स्वर म्हणायचे, मग उलट. जो गट गात नाही त्याने ऐकून चूक सांगायची. मुले ऐकायला शिकली ती तिथे, माझ्या गाऊन दाखवण्याने नव्हे.

दुसरी गोष्ट, पूर्ण आलाप गाऊन दाखवू नकोस. भूप रागाचे तीन स्वर घे, सा रे ग, आणि त्यांच्यातच प्रत्येकाला स्वतःचे एक वाक्य रचायला सांग. विशारद झालेली मुलगी त्यात मींड घेईल, नवखा मुलगा सरळ चढून उतरेल. दोघांनाही काम मिळेल आणि कोणी बसून राहणार नाही. बंदिश शिकवताना आधी शब्द वाचून घे, अर्थ सांग, मग तीनतालात बोल पाठ करून घे, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कोणत्या अक्षरावर येते ते टाळीने दाखवायला लाव, आणि चाल सर्वांत शेवटी दे. सम हुकणाऱ्या मुलाची अडचण बहुतेक वेळा स्वरात नसून शब्दांच्या विभागणीत असते. चूक सुधारताना चुकीची नक्कल करून दाखवू नकोस. गळा ऐकलेले उचलतो, चूकही उचलतो. बरोबर स्वर एकदा लाव आणि थांब.

परीक्षेच्या दृष्टीने एक वही ठेव. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे दर पंधरा दिवसांनी एक ओळ लिही: मध्यम उतरतो, श्वास अपुरा, विलंबित एकतालात खाली धरता येत नाही. सत्राच्या शेवटी गुण देताना ही वही आठवणीपेक्षा जास्त न्याय करते.

तुझ्या रियाजाबद्दल मला खरी काळजी वाटते. दिवसभर दोन पट्ट्यांत गाऊन दाखवल्यावर संध्याकाळी गळा उरणार नाही, हे गृहीतच धर आणि रियाज पहाटेकडे ने. महाविद्यालयात जाण्यापूर्वी पाऊण तास खर्ज, मग एकच राग, निदान दोन महिने तोच. वर्गात स्वर दाखवताना शक्य तिथे हार्मोनियमची मदत घे. बेळगावात पंडित रामभाऊ विजापुरे यांनी हार्मोनियमवादकांच्या पिढ्या घडवल्या, त्यामुळे पेटी नीट वाजवणारी माणसे आपल्या शहरात कमी नाहीत. वर्गासाठी असा एक साथीदार द्यावा, अशी मागणी महाविद्यालयाकडे लेखी कर. अतिथी व्याख्यातीचा करार वर्षाचा असला तरी ही मागणी करण्याचा तुला अधिकार आहे. आणि शनिवारची संध्याकाळ स्वतःच्या गुरूंसाठी राखून ठेव. तिथे तू शिकवणारी नाहीस, समोर बसणारी आहेस. सोमवारी वर्गात जाताना शनिवारी आपल्याला कोणती जागा दहादा घ्यायला लावली ते आठव, आणि मागच्या रांगेतल्या मुलीला तिच्या पट्टीत एकदा एकटीने गायला सांग.